चालत्या घराला गरम पाणी : टपावरच्या उन्हाचा हिशेब

आजचा विषय कळल्यावर काही जणांनी आम्हाला आधीच विचारलं, की शहापूर-मुरबाडमध्ये कॅरॅव्हॅन आहेत किती, आणि त्यांच्या आंघोळीच्या पाण्यावर व्याख्यान कशाला? प्रश्न रास्त आहे. तेव्हा सुरुवात त्याच्यापासूनच करू.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्याच्याही आधीपासून लोक जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये बिछाना, ओटा, छोटी न्हाणी बसवून माळशेजला, माहुलीच्या पायथ्याला मुक्काम करत होते. पण 'चालतं घर' म्हणजे फक्त तेवढंच नाही. दिवाळी झाली की आपल्या या दोन तालुक्यांतली कितीतरी कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. पाऊस सरला की घाटावरचे धनगर मेंढरं घेऊन खाली कोकणात उतरतात. त्यांचंही घर चालतंच असतं. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. गरम पाण्यासाठी लागणारं कायमचं छप्पर नाही, नळ नाही, विजेचा मीटर नाही. असतं ते डोक्यावर ऊन. मग त्या उन्हावर पाणी तापवायचं कसं, एवढाच आजचा विषय.

आमची फजिती

आधी आमची चूक सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. आम्ही मित्रांनी मिळून एक जुनी गाडी अशीच सजवली. टपावर सोलर पॅनेल, आत बॅटरी, इन्व्हर्टर आणि एक लहान विजेचा गीझर. सूर्यावर पाणी तापणार, म्हणून आम्ही खुशीत. डिसेंबरात मोरोशीच्या बाजूला मुक्काम केला. रात्री दिवे, पंखा, मोबाइल सगळं चाललं. पहाटे गीझर लावला. पहिली आंघोळ झाली. दुसरी अर्ध्यावर असताना इन्व्हर्टर ओरडायला लागला, आणि मग सगळंच बंद. दिवा बंद, पाण्याचा पंप बंद, आणि एक जण साबण लावलेल्या अवस्थेत आत.

तेवढ्यात डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेल्या एक मावशी तिथून चालल्या होत्या. त्या थांबल्या, टपाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "येवढं सगळं करून पाणी किती तापतं, दादा?"

आम्ही म्हटलं, "दीड बादली."

"मग माझी मोळीच बरी," म्हणाल्या आणि गेल्या.

आम्ही हसलो, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. मावशींचं बरोबर होतं का? त्याचं उत्तर हिशेबातून काढायचं.

एका बादलीचा हिशेब

एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. हे शाळेत शिकलेलं. आता थंडीच्या सकाळी टाकीतलं पाणी २० अंशांवर आहे असं धरू. आंघोळीला ४० अंश पुरतं. बादली १५ लिटरची. म्हणजे १५ गुणिले २०, बरोबर ३०० किलोकॅलरी.

विजेचं एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. म्हणजे एका बादलीला साधारण ०.३५ युनिट लागतं. घरात चार माणसं असतील तर १२०० किलोकॅलरी, म्हणजे १.४ युनिट.

आता बॅटरीकडे बघा. १२ व्होल्टची, १५० अँपिअर-तासांची बॅटरी. गुणाकार केला तर १.८ युनिट. वाटतं, चौघांचं भागेल. पण शिशाची बॅटरी निम्म्याच्या खाली वारंवार उतरवली तर तिचं आयुष्य झपाट्याने कमी होतं. म्हणजे वापरायला मिळतं ०.९ युनिट. त्यातून इन्व्हर्टर आपला वाटा खातो. राहतात दोन बादल्या, त्याही रात्री दिवा-पंखा लावला नसेल तर. आमची बॅटरी वाईट नव्हती. आम्ही तिला सांगितलेलं काम चुकीचं होतं.

ऊन ते वीज, वीज ते ऊब

आता खरा मुद्दा. महाराष्ट्रात निरभ्र दिवसात एका चौरस मीटरवर दिवसाला साधारण पाच युनिटं इतकी सौर ऊर्जा पडते. ती पकडायचे दोन मार्ग.

पहिला मार्ग सोलर पॅनेलचा. चांगलं पॅनेल पडलेल्या उन्हापैकी साधारण पाचवा हिस्सा विजेत बदलतं. पाचातलं एक युनिट. पुढे चार्जर, बॅटरी, इन्व्हर्टर असं करत करत हाती ०.७-०.८ युनिट येतं. म्हणजे दोन बादल्या.

दुसरा मार्ग उन्हाला थेट पाण्याशी भेटवायचा. काळा रंग दिलेला तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा पत्रा, त्याला चिकटलेल्या नळ्या, वर काच, खाली उष्णतारोधक थर. याला आपण सपाट सौर तापक म्हणू. तो पडलेल्या उन्हापैकी निम्म्याच्या आसपास उष्णता पाण्याला देतो. म्हणजे अडीच युनिटं, म्हणजे सात बादल्या.

जागा तेवढीच, एक चौरस मीटर. इकडे दोन बादल्या, तिकडे सात. असं का? कारण वीज हा उच्च प्रतीचा माल आहे. तिच्यावर दिवा लागतो, पंप चालतो, मोबाइल चार्ज होतो. उष्णता हा साधा माल आहे. आधी कष्टाने उन्हाची वीज करायची, त्यात चार हिस्से घालवायचे, आणि मग त्या विजेची पुन्हा उष्णताच करायची, हा उलटा व्यवहार झाला. दुधाचा खवा करून तो पुन्हा पाण्यात कालवून दूध म्हणून पिण्यासारखा! म्हणून आमचा साधा नियम : वीज उजेडाला, ऊन पाण्याला.

आता मावशींच्या मोळीचा हिशेब करू. एक किलो सुक्या लाकडात साधारण साडेतीन ते चार हजार किलोकॅलरी असतात. पण तीन दगडांच्या चुलीवर त्यातला दहा-पंधरा टक्केच भाग भांड्यातल्या पाण्यात जातो. बाकी धूर, वारा आणि दगड तापवण्यात. म्हणजे किलोला साडेचारशे किलोकॅलरी धरा. चार बादल्यांना १२०० हव्यात, म्हणजे रोज पावणेतीन किलो लाकूड. २५ किलोची मोळी नऊ दिवसांत फक्त आंघोळीत संपते. स्वयंपाकाची मोळी वेगळी. हा हिशेब कागदावरचा आहे, पण ती मोळी ज्या मानेवर येते ती मान खरी आहे. तेव्हा मावशींची मोळी आमच्या गीझरपेक्षा बरी होती, हे खरं. पण एक चौरस मीटर काळ्या पत्र्यापेक्षा नव्हे.

टपावर चढवायचं की खाली उतरवायचं?

घराच्या गच्चीवरचा सौर बंब तुम्ही पाहिलाच असेल. खाली तापक, वर टाकी. तापकातलं पाणी गरम झालं की हलकं होतं, वर टाकीत चढतं. टाकीतलं थंड पाणी खाली उतरतं. पंप लागत नाही. अट एकच, टाकी तापकाच्या वर हवी.

गाडीवर हीच अट आड येते. तापक टपावर ठेवला तर टाकी त्याहून वर कुठे ठेवणार? १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो वजन. ते इतक्या उंचीवर ठेवून घाटाच्या वळणावर गाडी नेणं धोक्याचं. शिवाय रस्त्यावरच्या झाडांच्या फांद्या आहेत. काचेच्या निर्वात नळ्यांचा तापक कार्यक्षम असतो, पण पाड्याच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांत त्या नळ्या किती दिवस टिकतील, तुम्हीच सांगा.

यावर लोक दोन उपाय करतात. एक, टाकी गाडीच्या आत खाली ठेवायची आणि १२ व्होल्टचा लहान पंप लावून पाणी टपावरच्या तापकातून फिरवायचं. हे चालतं. पंपाला वीज अगदी थोडी लागते, कारण तो पाणी हलवतो, तापवत नाही. दुसरा, टपावर कडेने चार इंची काळा नळ बसवून त्यातच पाणी साठवायचं. अशा नळात मीटरला जवळजवळ आठ लिटर पाणी मावतं. तीन मीटरचा नळ म्हणजे दीड बादली. सोपं आहे, पण ऊन उतरलं की वाऱ्याने ते पाणीही निवतं.

आम्ही सुचवतो तो तिसरा उपाय. गाडी उभी राहिली की तापक टपावरून खाली उतरवा. गाडी सावलीत लावा, तापक उन्हात जमिनीवर टेकवा. आता गाडीतली टाकी आपोआप तापकाच्या वर आली. निसर्गाचा पंप पुन्हा सुरू! आणि तापक जमिनीवर असल्यामुळे त्याला हवा तसा कलही देता येतो.

कलाचं महत्त्व थंडीत कळतं. शहापूर-मुरबाड साधारण साडेएकोणीस अंश उत्तर अक्षांशावर. मे महिन्याच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला इथे शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर. पण डिसेंबरच्या अखेरीला तोच सूर्य भर दुपारीसुद्धा दक्षिणेला कललेला, क्षितिजापासून ४७ अंशांवर असतो. टपावर आडवा ठेवलेला तापक तेव्हा समोरून येणाऱ्या उन्हाचा पाऊण भागही पकडत नाही. तोच दक्षिणेकडे तोंड करून चाळीसएक अंशांनी उभा टेकवला की जवळजवळ सगळं पकडतो. म्हणजे ज्या महिन्यात गरज जास्त, त्याच महिन्यात आडवा टप दगा देतो.

शंभर मीटर काळा पाइप

तापक विकत घ्यायला पैसे लागतात. वीटभट्टीवरच्या खोपटात तो कोण घेणार? म्हणून आम्ही एक साधी रचना सांगतो. ठिबक सिंचनाचा काळा पाइप तुमच्या परिचयाचा आहे. १६ मिलिमीटरचा, बिनछिद्राचा. १०० मीटरचं वेटोळं घेतलं तर त्याच्या पोटात साधारण १५ लिटर पाणी मावतं. म्हणजे बरोबर एक बादली! हे वेटोळं एकावर एक न ठेवता चकलीसारखं सपाट पसरा, खाली भाताचा पेंढा आणि त्यावर काळं कापड. वर पारदर्शक प्लॅस्टिक ताणलं तर वारा लागत नाही. ऊन चांगलं चढलं की तास-सव्वा तासात पाणी आंघोळीजोगं होतं.

काढायचं कसं? पाइपाचं एक तोंड उंचावरच्या बादलीला जोडा, दुसरं खाली मोकळं. वरच्या बादलीत थंड पाणी ओतलं की ते पुढचं गरम पाणी ढकलत नेतं आणि पाच-सात मिनिटांत बादली भरते. दुसरी बादली हवी असेल तर पुन्हा तासभर थांबा. पहिल्यांदा भरताना हवा अडकते, ती पूर्ण निघू द्या. आणि दोन्ही तोंडं कधीही घट्ट बंद करून उन्हात ठेवू नका. तापलेला पाइप मऊ पडतो, पाणी फुगतं, जोड सुटतो आणि अंगावर गरम पाणी येतं.

इथे पाइप लांब आणि अरुंद असल्यामुळे गच्चीवरच्या बंबासारखं पाणी आपोआप फिरणार नाही. त्यासाठी शेजारीशेजारी उभ्या नळ्यांचा तापकच लागतो. दोन्ही गोष्टींची गल्लत करू नका.

ऊन दुपारी, आंघोळ पहाटे

हा प्रश्न आपल्याआधी अमेरिकेतल्या लोकांनाही पडला होता. १८९१ मध्ये बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्प यांनी 'क्लायमॅक्स' नावाच्या सौर बंबाचं पेटंट घेतलं. काचेच्या पेटीत काळ्या रंगाच्या टाक्या. दुपारी पाणी उत्तम तापायचं, पण रात्रीत निवून जायचं. १९०९ मध्ये कॅलिफोर्नियात विल्यम बेली यांनी तापवायची जागा आणि साठवायची जागा वेगळी केली, साठवणीची टाकी उष्णतारोधक आवरणात गुंडाळली. नावच ठेवलं 'डे अँड नाइट'. आजचा गच्चीवरचा बंब त्याच वाटेचा.

आपल्याला यातून दोन गोष्टी घ्यायच्या. एक, तापलेलं पाणी तापकात ठेवू नका, बाहेर काढा. लग्नात, दुकानात थंड पाण्याचे जाड भिंतीचे जार येतात ना? जे थंड टिकवतं तेच गरमही टिकवतं. उकळतं पाणी त्यात घालू नका, पण दुपारी चारला तापलेलं पाणी झाकण लावून, गोधडीत गुंडाळून ठेवलं तर पहाटे थंडगार मिळणार नाही.

दुसरी गोष्ट याहून स्वस्त आहे, फुकट आहे. आंघोळीची वेळ बदला. माहुली किंवा गोरखगड चढून आलेला माणूस संध्याकाळी पाचला आंघोळ करतो. भट्टीवर दिवसभर माती तुडवलेला माणूसही संध्याकाळीच अंग धुतो. त्याच वेळी पाणी सगळ्यात गरम असतं. बारा तास उष्णता जपायचा सगळा खटाटोपच वाचतो.

महिने आणि पाणी

खोटी आशा आम्ही देणार नाही. जुलै-ऑगस्टमध्ये या भागात धो धो पाऊस. माळशेजला सगळ्यात जास्त गाड्या तेव्हाच येतात, आणि सूर्याचं दर्शन तेव्हाच दुर्मीळ. त्या दोन-तीन महिन्यांत सौर तापकाच्या भरवशावर राहू नका. तेव्हा गॅस वापरा. एक किलो गॅसमध्ये साधारण ११ हजार किलोकॅलरी असतात. थोडी उष्णता वाया गेली धरली तरी चौघांच्या आंघोळीला दोनशे ग्रॅमच्या आत काम होतं. पण गॅस गीझर गाडीच्या बंद न्हाणीत कधीही लावू नका. जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही, आणि माणूस आत बसल्या जागी दगावतो. बाहेर उघड्यावर पातेलं तापवा, बादली आत न्या.

सौर तापकाचे खरे महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. आकाश मोकळं आणि पाणी गार. योगायोगाने भट्टीचे महिनेही हेच.

मार्च उलटला की प्रश्न बदलतो. तेव्हा गरम पाणी नको असतं, पाणीच हवं असतं. तानसा आणि भातसा ही धरणं शहापूर तालुक्यात. मुंबईचं जवळजवळ निम्मं पाणी एकट्या भातसातून जातं. आणि याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. म्हणून गाडी घेऊन येणाऱ्यांना आमची विनंती आहे, एप्रिल-मेमध्ये पाड्यावरच्या विहिरीवर चौघांच्या आंघोळीचं साठ लिटर पाणी मागू नका. निघतानाच भरून आणा. आणि शॉवर सुरू केल्यावर नळीतलं जे सुरुवातीचं गार पाणी येतं, ते सांडू न देता परत टाकीत घ्या.

श्रोत्यांचे प्रश्न

एका ताईंनी विचारलं, "लिथियम बॅटरी घेतली तर?" ती ऐंशी-नव्वद टक्के वापरता येते, हे खरं. टपभर पॅनेल असतील आणि दुपारी बॅटरी भरून वीज शिल्लक राहत असेल, तर ती शिल्लक पाण्यात टाकायला हरकत नाही. पण फक्त गरम पाण्यासाठी मोठी बॅटरी घेणं म्हणजे खिशाला भुर्दंड.

दुसरा प्रश्न इंजिनच्या उष्णतेचा. एक लिटर डिझेलमध्ये साधारण दहा युनिटं ऊर्जा असते आणि तिचा मोठा हिस्सा इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यातून बाहेर जातो. कल्याणहून माळशेजपर्यंत आलात तर वाटेत चौघांच्या आंघोळीची उष्णता कितीतरी वेळा वाया गेलेली असते. ती घ्यायची तर जाणत्या मेकॅनिककडून उष्णता-विनिमयक बसवून घ्या. रेडिएटरचं पाणी थेट कधीही वापरू नका. ते विषारी असतं.

तिसरा प्रश्न, हे पाणी प्यायचं का? नाही. आणि कोमट पाणी दिवसेंदिवस साठवूनही ठेवू नका, त्यात जंतू वाढतात. रोजचं रोज संपवा. लहान मुलांसाठी बादलीत आधी थंड पाणी घ्या, मग गरम मिसळा. झाकलेल्या पाइपातलं पाणी कडक उन्हात भाजण्याइतकं तापू शकतं.

शेवटी एक काम सांगतो. या डिसेंबरात ज्यांना शक्य आहे त्यांनी एक काळा कॅन किंवा पाइपाचं वेटोळं उन्हात ठेवा. एक साधा थर्मामीटर घ्या. सकाळी दहा, दुपारी एक, चार आणि संध्याकाळी सात, अशी चार वेळा नोंद करा. आमचे आजचे आकडे हिशेबाचे आहेत. तुमचे मोजणीचे असतील. दोन्ही शेजारी ठेवून बघू. आणि ज्या घरात मोळी येते, त्या घरात ती मोळी किती दिवस पुरली तेही लिहा. मावशींनी विचारलेल्या प्रश्नाला आम्हाला तेव्हा नीट उत्तर देता आलं नव्हतं. पुढच्या वेळी तुमच्या नोंदी घेऊन द्यायचं आहे.